१२७ दात्यांचे चाक

आजच्या व्याख्यानाचा जाहीर झालेला विषय जुन्या यंत्रांचे घरगुती वर्कशॉप असा आहे, आणि पाया, वीजजोडणी, सुरक्षितता यांकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी एका चाकाविषयी बोलल्याखेरीज मला पुढे जाववत नाही. लेथ म्हणजे काम फिरवत ठेवून टूलने कापणारे यंत्र, हे उद्यमनगरासारखी कारखान्यांची वसाहत असलेल्या कोल्हापुरात सांगण्याची गरज नाही.

जुना लेथ आपल्याकडे बहुधा किलोवर विकला जातो. घेणारा बेडवरून, म्हणजे यंत्राच्या लांब पाठीवरून, हात फिरवतो, काम पकडणारा चक फिरवून पाहतो, भाव ठरवतो. आणि चेंज गिअरची, म्हणजे आट्याचे माप बदलणाऱ्या दातेरी चाकांची, तेलकट लाकडी पेटी तोवर भंगाराच्या दुसऱ्या ढिगात गेलेली असते. माझा साडेचार फुटी, पट्ट्यावर चालणारा लेथ असाच पेटीविना आला. त्याचा लीड स्क्रू, म्हणजे आटे कापताना टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू, जुन्या मापाचा, इंचाला ८ आट्यांचा आहे. १९५६च्या कायद्याने देशात दशमान मापे आली आणि बाजारातले नट-बोल्ट मिलिमीटरचे झाले, तरी लीड स्क्रू इंचाचाच राहिला. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याच्या पाचपट होतात बरोबर १२७. म्हणून अशा लेथवर दीड मिलिमीटर अंतराचा आटा काढायचा तर काम फिरवणाऱ्या स्पिंडलकडे ६० दात्यांचे आणि लीड स्क्रूवर १२७ दात्यांचे चाक लागते.

ते चाक मी येथल्याच एका कारखान्याकडून कापून घेतले. कास्टिंग निर्दोष होते, दाते सुबक होते, आणि पहिल्याच बोल्टवर नट काही आटे फिरून जाम झाला. टूलची धार, क्रॉस स्लाइडची ढिलाई, टेलस्टॉकची रेषा यांत माझे दोन रविवार गेले. शेवटी खडूने खूण करून दाते मोजले, तेव्हा ते १२८ भरले. १२७ ही मूळ संख्या आहे. दाते कापताना चाक समान भागांत फिरवणाऱ्या डिव्हायडिंग हेडच्या नेहमीच्या छिद्रांच्या प्लेटवर ती साध्या रीतीने विभागता येत नाही, त्यासाठी डिफरन्शियल इंडेक्सिंग, म्हणजे जादा गिअर लावून विभागणी, करावे लागते. १२८ मात्र १६ छिद्रांच्या वर्तुळावर सहज बसते. एका दात्याने काय बिघडते, असे मला तेथे सांगण्यात आले. शंभर मिलिमीटर आट्यांत पाऊण मिलिमीटरहून अधिक फरक पडतो, हे बिघडते! ही गोष्ट मला आजही सलते, कारण ज्याने हे चाक कापले त्याचा हात उत्तम होता, केवळ आकडा पाळला गेला नाही. याच शहरात चित्रपट दिग्दर्शक बाबुराव पेंटरांनी स्वतःचा चित्रपट-कॅमेरा घडवला. फिल्मच्या छिद्रांशी चाकाचे दाते जुळले नसते तर तो चाललाच नसता.

अखेर मी ६३ दात्यांच्या चाकाचा आधार घेतला. चालवणारी ६३ आणि ३०, चालणारी ५० आणि ८० अशी जोडणी केली की चूक आठ हजारांत एक एवढीच उरते आणि नट शेवटपर्यंत जातो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेले भराभर सांगतो. लेथ घेताना चकाजवळचा बेड अवश्य तपासा, कारण सर्वांत जास्त झीज तेथेच होते. मशीन पक्क्या काँक्रीटवर ठेवून दोन्ही टोकांना सूक्ष्म लेव्हल लावा. बेडला पीळ राहिला तर सरळ दांडाही निमुळता कापला जातो. घरी सिंगल फेज असेल तर थ्री फेज मोटर टाकून देऊ नका: ती स्टारमध्ये जोडलेली असेल आणि सहाही टोके बाहेर असतील, तर जोडणी डेल्टा करून, सिंगल फेजचे थ्री फेज करणाऱ्या लहान ड्राइव्हवर चालते, मात्र हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. पट्ट्याला जाळी लावा, फिरत्या कामाजवळ हातमोजे घालू नका, आणि चकची चावी चकमध्ये क्षणभरही सोडू नका.

आपल्यापैकी ज्यांच्या शेडमध्ये जुना लेथ विक्रीला निघाला असेल, त्यांनी चेंज गिअरची पेटी आज रात्रीच तारेने त्याच्या पायाला बांधून ठेवावी, आणि तीत १२७चे चाक आहे की नाही हे दाते मोजून पाहावे.