कापता म्हणून वाढते

मंडळी, पहिले एक कबुली. पत्रिकेत विषय छापलाय, 'कुंपणाच्या झाडांची छाटणी कमी करण्यासाठी वाढनियंत्रकांचा वापर'. इतका भारदस्त विषय मी दिला नव्हता. मी फोनवर फक्त म्हटलं होतं, कोयनेलवर बोलीन. तर बोलते. साडेसहाला हॉल भजनी मंडळाला द्यायचाय, हेही मला आत्ताच जिन्यात सांगण्यात आलं.

कोयनेल कोणाकोणाकडे आहे? हात वर करा. बघा, अर्धा हॉल. उरलेल्यांकडे मेंदी नाहीतर दुरांटा असेल. नागपुरात बंगला म्हटला की कोयनेलचं हेज आलंच. पान इतकं कडू की बकरीही तोंड लावत नाही, मेच्या पंचेचाळीस डिग्रीतही हिरवं राहतं. पण मृगाचा पाऊस पडला की त्याच्या अंगात येतं. आमच्याकडे साठ फूट लांब हेज आहे. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला कटिंग. माळीभाऊ कात्री चालवणार, मी मागून फांद्या गोळा करणार आणि कचऱ्याची गाडी त्या घेणार नाही. म्हणजे त्या फांद्या दोन दिवस फाटकाशी पडून राहणार आणि शेजारचे काका रोज सकाळी फिरायला जाताना त्यांच्याकडे बघून माझ्याकडे बघणार.

एकदा मी वैतागून म्हटलं, "भाऊ, हे काहून एवढं वाढते हो?" मी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेली बाई, आणि उत्तर कोणी दिलं? भाऊंनी. म्हणाले, "तुम्ही कापता म्हनूनच वाढते जी ते." 

वर्गात मी हेच अर्धा तास फळा भरून सांगायची. फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरतं आणि पानांच्या बगलेतल्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. शेंडा उडवला की पहारेकरी गेला. खालचे दोन-तीन डोळे एकदम फुटतात. एका शेंड्याचे तीन झाले. पंधरा दिवसांनी तुम्ही ते तीन कापता, त्यांचे नऊ होतात. हेज दाट होतं ते यामुळेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण दाट झाल्यावरही आपण कापतच राहतो.

आता गोष्ट ऐका. आमचे व्याही देवगडचे. हापूसची बाग. कोकणात कल्टार नावाचं औषध पोराटोरांना ठाऊक आहे. आत पॅक्लोब्युट्राझोल असतं, म्हणजे पत्रिकेतलं ते वाढनियंत्रक, वाढीला लगाम घालणारं. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत आंब्याच्या बुडाशी देतात, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला तीन मिली या हिशेबानं. झाडाची पालेदार वाढ थांबते आणि मोहोर लवकर येतो. व्याह्यांनी येताना अर्धी बाटली आणली. का आणली? कारण मी फोनवर कोयनेलची रडगाणी गायली होती. आमचे हे लगेच म्हणाले, "मीटरला तीन मिली ना? आपलं हेज अठरा मीटर. चोपन्न मिली." 

हिशेब चोख! फक्त आंब्याचा व्यास आणि हेजची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्यांना सांगायच्या आत अर्ध्या हेजला पाणी घालून झालं होतं. अर्ध्याच, कारण मध्येच फोन आला. कधी नव्हे तो त्या फोनचा मला आनंद झाला.

तीन आठवडे काहीच नाही. मग एका सकाळी मी कोवळी फांदी हातात धरून पाहिली. औषध न दिलेल्या बाजूला दोन पेरांमध्ये माझी चार बोटं मावत होती. दिलेल्या बाजूला एक बोटही धड मावेना. पानं बारीक, जाड, काळपट हिरवी, एकमेकांवर दाटीवाटीनं बसलेली, कोबीसारखी. त्या पावसाळ्यात त्या बाजूला कात्री लागलीच नाही. पुढच्या पावसाळ्यातही नाही. हेजला पायरी पडली. येणारा-जाणारा विचारायचा, बांधकाम अर्धवट राहिलं का? आणि खरी गंमत पुढे. हेजच्या पलीकडे काकांची जास्वंद. मुळांना कंपाउंड कळत नाही. जास्वंदही बसली! काका सज्जन, मला काही बोलले नाहीत. फक्त देवाला फुलं विकत आणायला लागले आणि आणताना आमच्या फाटकावरून पिशवी जरा उंच धरून न्यायचे.

घड्याळ दाखवताहेत. आवरते.

हे औषध करतं काय? 1926 साली कुरोसावा नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं भाताच्या एका रोगाचं कोडं सोडवलं. रोप उंचच उंच वाढायचं आणि आडवं पडायचं. जपानी शेतकरी त्याला 'येडं रोप' अशा अर्थाच्या नावानं ओळखायचे. दोष एका बुरशीच्या रसाचा निघाला. पुढे त्यातल्या द्रव्याला जिबरेलिन नाव पडलं आणि मग कळलं की झाडं स्वतःही ते बनवतात. पेशी लांबतात त्या त्याच्यामुळे. पॅक्लोब्युट्राझोल झाडातलं जिबरेलिन बनणं अडवतं. झाड मरत नाही, पानंही जवळपास तेवढीच येतात, पण पेरं लांबत नाहीत. 

आपल्या विदर्भाला हे नवीन नाही. कपाशी माजायला लागली की शेतकरी क्लोरमेक्वाट नाहीतर मेपिक्वाट क्लोराइड फवारतात, सघन लागवडीत तर हमखास. संत्र्याला बहारासाठी पाणी तोडून ताण देतात, तो बसला नाही की सायकोसेल मारतात, तेही क्लोरमेक्वाटच. म्हणजे वर्धेच्या शेतातल्या माणसाला जे ठाऊक आहे, ते सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यात पोचलेलं नाही. हे माझं जुनं दुखणं आहे, पण आज वेळ नाही.

दुसरा प्रकार डिकेगुलॅक नावाच्या औषधाचा. परदेशात हेजवर हे वापरतात. ते पानांवर फवारायचं, शेंड्याची वाढ थांबते आणि बाजूचे डोळे फुटतात, म्हणजे कात्रीचंच काम. काही आठवडे पानं पिवळट दिसतात, घाबरायचं नाही.

आता जे सांगायला बोलावलंत ते घाईघाईत ऐका. आधी कटिंग करून हेज आकारात आणा, कारण औषधानं जसं आहे तसं थांबतं. मध्ये भगदाड असेल तर ते भगदाडही तसंच राहतं. दोन वर्षांच्या कोवळ्या हेजला हात लावू नका, त्याला अजून भरायचंय. कटिंगनंतर नवे फुटवे डोकावले की द्या. मेमध्ये पाण्यावाचून मरगळलेल्या झाडाला देऊ नका.

पॅक्लोब्युट्राझोल मुळांतून वर चढतं, पानांतून खाली उतरत नाही, म्हणून ते मातीत द्यायचं. पण मातीत ते महिनोन् महिने राहतं, एकदा दिलं की परत काढता येत नाही. वांगी, कोथिंबीर, तुळस जवळ असेल तर विचारही करू नका. बाटलीवरचं लेबल वाचा, त्यावर पीक कोणतं लिहिलंय ते बघा, व्याह्यांवर जाऊ नका. एका कोपऱ्यातल्या चार झाडांवर कमीत कमी मात्रा देऊन एक पावसाळा थांबा. मेंदीला जे चालेल ते दुरांट्याला चालेलच असं नाही. 

आणि कात्री सुटत नाही हं. पावसाळ्यात आठ वेळा होणारं कटिंग दोन-तीनवर आलं तरी खूप झालं. आणि ज्यांना तीन फुटी हेज हवंय त्यांनी दहा फूट वाढणारं झाड लावायचंच कशाला, हा वेगळा विषय, पुढच्या वेळी बोलवा.

काय म्हणालात, माळ्याच्या मजुरीचं काय? बरोबर विचारलंत. मी भाऊंची मजुरी कमी केली नाही. त्या वेळात त्यांनी माझा मोगरा खच्ची करून दिला, तो पाच वर्षं तसाच माजला होता.

पायरी? हो, अजून दिसते थोडी. जास्वंदीला यंदा पहिल्यांदा फुलं धरली. चौथं वर्ष आहे. पहिलं फूल काकांनी आमच्या हेजवर ठेवलं होतं, बरोबर पायरीवर.

ते पाहा, पेटीवाले आले.