दोष वाऱ्याचा की पंपाचा?

मंडळी, पत्रिकेवर 'तणनाशकाची इजा कशी ओळखावी' असा विषय छापला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण आधी आमच्या परसातल्या जास्वंदीची हकिगत ऐकून घ्या.

माघी गणेश जयंती तोंडावर आली असताना त्या जास्वंदीचे शेंडे वाकडे होऊ लागले. नवी पाने बोटाएवढी अरुंद निघाली, त्यांचे काठ आत ओढले गेले आणि शिरा साडीच्या निऱ्यांसारख्या एकीला एक लागून बसल्या. जवळच्या कुंडीतला टोमॅटोही पिळवटला. शेजारच्या गृहस्थांनी मोकळ्या जागेतल्या काँग्रेस गवतावर तणनाशक मारल्याचे मी पाहिले होते. तेवढ्यावर खटला उभा करून निकालही देऊन टाकला, आणि पंधरा दिवस त्यांच्याशी बोललो नाही. जयंतीला एकवीस फुले मात्र त्यांच्याच कुंपणावरून आली. ते कुंपण फवारणीच्या जागेला आमच्यापेक्षा जवळ, आणि तिथली जास्वंद टवटवीत! शिवाय आमच्या घरी जिच्यावर कोणी कधी काही फवारत नाही, ती तुळसही धडधाकट होती. हे दोन्ही पुरावे आमच्या सौभाग्यवतींनी मांडले, हे येथे नमूद करणे मला भाग आहे, कारण त्या दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. गव्हातल्या चांदवेल आणि चंदनबटवा या तणांवर टू-फोर-डी नावाचे तणनाशक मारलेल्या पंपानेच आमच्या गड्याने पिठ्या ढेकूण या किडीसाठी निंबोळी अर्क फवारला होता. "पंप धुयेल शे, नाना," असे तो म्हणाला, आणि ते खोटे नव्हते. टाकी धुतली होती, पण नळीत आणि गाळणीत औषध उरले होते. टू-फोर-डी वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाचे सोंग घेऊन झाडाला वेडीवाकडी वाढ करायला लावते, आणि कापसाला तर शिफारशीच्या मात्रेचा शंभरावा भागही पुरतो. कापसाचे पान भेंडीसारखे झालेले आपल्या खान्देशात कोणाला दाखवावे लागत नाही. कापूस, भेंडी आणि जास्वंद एकाच कुळातली, हे मला ठाऊक असूनही सुचले नाही, याचा सल अजून आहे.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट केले आहे, म्हणून मूळ विषय घाईने उरकतो. पिळवटलेली, अरुंद पाने दिसली तर टू-फोर-डीच्या जातीच्या औषधाचा संशय घ्यावा. कोवळी पालवी पिवळी पडली, किंवा गुलाबाला सुईसारख्या बारीक पानांचे झुपके आले, तर ग्लायफोसेटचा. थेंब पडले तेवढेच डाग करपले आणि पुढची पाने स्वच्छ आली, तर पॅराक्वाटचा. वाऱ्याने आलेली इजा एका बाजूला जास्त असते आणि अंतराबरोबर कमी होत जाते. पंपातली इजा मात्र आपण फवारलेल्या झाडांवरच सापडते.

उतारा यापैकी कशालाच नाही. औषध उडाल्याचे लगेच कळले तर पाने भरपूर पाण्याने धुवावीत. नंतर बेताचे पाणी देत वाट पाहावी, खतांचा मारा करू नये आणि त्या झाडाची फळे खाऊ नयेत. थंडीत पहाटे हवा अगदी निश्चल असते, तेव्हाही फवारू नये, कारण बारीक थेंब खाली न बसता तरंगत दूर जातात. पंपात धुण्याच्या सोड्याचे पाणी रात्रभर ठेवून ते नळीतूनही काढावे. त्याहून बरे म्हणजे तणनाशकाचा पंपच वेगळा ठेवावा. आमच्या त्या पंपाला आता लाल चिंधी बांधली आहे, आणि शेजाऱ्यांनी तो परवाच उसना नेला आहे.