कमाल भावाचा व्हिडिओ

(दृश्य : लासलगाव बाजार समितीचे आवार. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअपच्या रांगा.)

नाशिक जिल्ह्यातलं, निफाड तालुक्यातलं लासलगाव. इथे कांद्याचा लिलाव उघड्यावर, गाडीजवळच होतो. व्यापारी कांदा हातात घेऊन पाहतात, क्विंटलमागे बोली चढते, सौदा ठरतो आणि घोळका पुढच्या गाडीकडे सरकतो. त्या घोळक्यात आता मोबाईल उंच धरलेले हातही असतात. गावाकडे चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, माल ठेवून बसलेला शेतकरी हा लिलाव त्याच सकाळी बघतो.

पण सगळ्यात जास्त फिरतो तो सगळ्यात चढ्या बोलीचा व्हिडिओ.

समजा, एका ट्रॉलीला २,४०० रुपये मिळाले आणि बहुतेक गाड्या १,७०० च्या आसपास सुटल्या. चोवीसशे ऐकून कुणी चाळीतला साठा विकायला काढला, २५ क्विंटल भरले, तर त्याचा अंदाज १७,५०० रुपयांनी चुकला. तोच व्हिडिओ पाहून शंभर जणांनी गाड्या भरल्या, तर दुसऱ्या दिवशी आवक वाढते आणि भाव आणखी उतरतो.

(दृश्य : बाजारभावाचा फलक.)

बाजार समिती भावाचे तीन आकडे देते : किमान, कमाल आणि सर्वसाधारण. सर्वसाधारण म्हणजे ज्या भावाने बहुतांश माल विकला गेला तो; पहिल्या दोघांची बेरीज करून निम्मी केलेला आकडा नव्हे. बातमी त्याचीच व्हायला हवी. लिलावाचे व्हिडिओ करत असाल, तर पडद्यावर तारीख, बाजार समिती, आवक आणि हे तिन्ही भाव दिसू द्या. कांदा लाल की उन्हाळ, तेही सांगा. गोल्टीचा, म्हणजे बारीक कांद्याचा, भाव मोठ्या मालाच्या भावाशेजारी सांगितला, तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही.

आवाजाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. ट्रॅक्टरची इंजिनं आणि पुकारा यांत फोनच्या माइकवर बोली ऐकूच येत नाही. कॉलरचा छोटा माइक, त्यावर वाऱ्यासाठी केसाळ टोपी, आणि सौदा ठरला की भाव स्वतःच्या तोंडाने पुन्हा एकदा. एप्रिल-मेच्या उन्हात फोन तापून रेकॉर्डिंग मध्येच थांबतं, म्हणून सलग थेट प्रक्षेपणापेक्षा दोन-तीन मिनिटांचे तुकडे बरे. मूळ फाइल जपून ठेवा. पुढे कुणी शंका घेतली, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेल्या प्रतीवरून काहीच सिद्ध होत नाही.

(दृश्य : ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी होते आहे.)

बहुतेक कॅमेरे बोलीपाशी थांबतात. खरं तर गाडीच्या मागे खळ्यापर्यंत, म्हणजे व्यापारी माल उतरवून घेतो त्या जागेपर्यंत, जायला हवं. ट्रॉली रिकामी करताना खालचा माल हलक्या प्रतीचा निघाला, या कारणावरून तिथे भावाचा वाद होतो. भुईकाट्यावर गाडीसकट झालेलं वजन, मग पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब असलेली पावती, पट्टीतल्या कपाती, आणि शेवटी हातात पडलेली रक्कम. पट्टी जरूर दाखवा. नाव, मोबाईल आणि खातेक्रमांक मात्र झाका, आणि आधी शेतकऱ्याला विचारा.

आंदोलनाच्या चित्रीकरणात तारखेवर सगळं अवलंबून असतं. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ ला ती उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्काच्या अटीवर. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. लिलाव बंद पडून ऑगस्टमधला ओस पडलेला बाजार आणि डिसेंबरमधला ओस पडलेला बाजार पडद्यावर सारखेच दिसतात. मागण्या मात्र वेगळ्या असतात. जुनी क्लिप नव्या मथळ्याने फिरली, की समोरच्याला अख्खं आंदोलन खोटं ठरवायला तेवढं पुरतं.

मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून निघून मुंबईत आझाद मैदानावर पोचला. सोललेल्या, रक्ताळलेल्या तळव्यांची छायाचित्रं घराघरांत पोचली, आणि शहर हललं. ती दाखवायलाच हवी होती. पण त्यातले कितीतरी लोक कसत असलेली वनजमीन २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे नावावर व्हावी म्हणून चालत होते. तळव्याच्या दृश्यावर ही मागणी एका ओळीत लिहिली, तर पाहणाऱ्याला दुःखाबरोबर त्याचं कारणही कळतं.

आणि मागणी मान्य झाली, की खरं काम सुरू होतं. २०२३ मध्ये कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर झालं, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत. आकडा सगळीकडे पोचला. मात्र विक्री १ फेब्रुवारी ते ३१ मार्च याच काळातली हवी होती, विक्रीची पट्टी हवी होती, आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी होती. अशा वेळी पहिल्या तीस सेकंदांत रक्कम सांगा, लगेच कागद सांगा, आणि अर्ज कुठे, कधीपर्यंत द्यायचा ते सरकारी आदेश समोर धरून वाचून दाखवा.