हीट पंप गीझरची तक्रार? मेकॅनिकला फोन करण्याआधी वाऱ्यापुढे हात धरा

(टाकीच्या वरच्या भागाशी उभा. कॉम्प्रेसरची घरघर ऐकू येते.)

इथे, या बाजूच्या जाळीपुढे, गार वारा यायला हवा. चांगला गार, एसीसमोर उभं राहिल्यासारखा. येतोय खरा, पण कुणीतरी हळूच फुंकर मारावी तसा. कालपासून स्क्रीनवर इशाऱ्याचा दिवाही लागलाय. का ते आपण बघणारच आहोत, पण त्याआधी दोन मिनिटं यंत्र समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील.

फ्रिज चालू असताना त्याच्या मागच्या बाजूला हात लावून पाहिलाय कधी? गरम लागतो. आतल्या भाज्यांमधली उष्णता उपसून फ्रिज ती बाहेर टाकत असतो. हीट पंप अगदी तेच काम करतो, फक्त खोलीतल्या हवेतली उष्णता उपसून ती टाकीत टाकतो. वरच्या कॉइलमध्ये गॅस हवेतली ऊब घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून आणखी तापवतो, मग तो टाकीभोवतीच्या नळीतून फिरत पाण्याला उष्णता देतो. उष्णता गेलेली हवा गार होऊन इथून बाहेर पडते. म्हणून हा वारा म्हणजे या यंत्राची नाडी.

आता हिशेब. २०० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायचं तर साधारण ७ युनिट उष्णता लागते. साध्या गीझरचं एलिमेंट, म्हणजे विजेवर तापणारी कांडी, त्यासाठी सातच्या सात युनिट वीज खातं. हीट पंप परिस्थिती बरी असेल तर अडीचच्या आसपास युनिटांत भागवतो, उरलेली उष्णता हवेची, फुकटची.

फुकटचं असलं तरी सावकाश. घरगुती कॉम्प्रेसर तासाला जेमतेम दीड युनिट उष्णता देतो, म्हणजे ही टाकी पूर्ण तापायला साडेचार-पाच तास. ‘पाणी तापतच नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं पाणी तापत असतं, तापायला वेळ लागत असतो एवढंच. घरात माणसं जास्त असतील तर हायब्रिड मोड ठेवा, गरज पडली की एलिमेंट मदतीला येतं. आणि अचानक बिल वाढलं तर आधी मोड बघा. पाहुणे आले म्हणून मी एकदा इलेक्ट्रिक मोड लावला, म्हणजे कॉम्प्रेसर बंद आणि सगळं काम एलिमेंटवर. पाहुणे गेले, मोड तसाच राहिला, पुढच्या बिलाने आठवण करून दिली.

बरं, आपला फुंकरवाला वारा.

(फिल्टर काढतो. क्लोजअप.)

यंत्र बंद केलं, ही जाळी सरकवली. बघा! फिल्टर नाही, घोंगडी झालीय. शेजारी कपडे वाळवायचं मशीन आहे, त्याचा सगळा कापूस इथे येऊन बसलाय. बोटाने ओढला तर पापुद्र्यासारखा निघतोय. आता एवढ्यातून हवा जाणार कशी? हवा नाही तर उष्णता नाही, उष्णता नाही तर कॉम्प्रेसर तासन्‌तास चालत राहतो, आणि शेवटी एलिमेंट सुरू होऊन आपली बचत खाऊन टाकतं. नळाखाली धुवायचा, झटकायचा, पूर्ण वाळला की परत बसवायचा.

फिल्टर स्वच्छ असूनही वारा मंद असेल तर पंखा बघा. आणि यंत्र लहानशा कपाटात कोंडलं असेल तर ते स्वतःच गार केलेली हवा परत ओढत बसतं. अनेक मॉडेलना वीसेक घनमीटर हवा लागते, किंवा मग डक्ट, म्हणजे हवेचा मोठा पाइप, लावून हवा बाहेरून आणावी लागते.

दुसरी तक्रार, खाली पाणी. लगेच ‘टाकी फुटली’ म्हणून घाबरू नका. गार कॉइलवर हवेतलं बाष्प साचतं, दमट हवेत दिवसाला काही लिटर. ते पाणी बाहेर नेणारी बारीक नळी शेवाळाने तुंबली की पाणी फरशीवर. ओळखायचं कसं? फरशी कोरडी करा आणि काही तास फक्त इलेक्ट्रिक मोडवर चालवा. कॉम्प्रेसर बंद असताना पाणी थांबलं तर दोष नळीचा. तरीही ओल आली तर जोड, व्हॉल्व्ह किंवा टाकीच. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडत असतील तर त्याला बूच मारायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी.

नळाला कोमट पाणी येतंय, पण स्क्रीनवर तापमान बरोबर आहे? मग दोष कदाचित नळाचा असेल. यंत्राची वीज बंद करा, टाकीत जाणारं थंड पाणी बंद करा आणि गरम नळ सोडा. थोडा वेळ गेल्यावरही पाणी येतच राहिलं तर कुठल्यातरी मिक्सरमधून थंड पाणी गरम लाइनीत शिरतंय. ते प्लंबरचं काम.

आणि बचतीसाठी टाकी ४०-४५ अंशांवर ठेवू नका. कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, ६० अंशांना ते मरतात. पण ६० अंशांचं पाणी पोळतं, तेव्हा नळाआधी गरम पाण्यात थंड मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह हवाच.

(फिल्टर परत बसवतो, यंत्र सुरू करतो, हात धरतो.)

हां, आता आला वारा! समजा वारा असा जोरात आहे, कॉम्प्रेसर चालू आहे, पण हवा गारच नाही, किंवा कॉइलच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरलाय. मग संशय गॅसवर. तिथे आपण हात घालायचा नाही. काही यंत्रांत ज्वलनशील गॅस असतो. थर्मामीटरने आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान घ्या, लिहून ठेवा, मेकॅनिकला दाखवा. आणि तो म्हणाला ‘गॅस संपलाय, भरून देतो’, तर थांबवा त्याला. हा गॅस वापरून संपत नाही, बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झालाय म्हणजे कुठूनतरी गळालाय. आधी ती गळती दाखव म्हणा, मग भर.