फोन बंद पडला तर गाणं थांबेल का?

मंडळी, सुरुवात एका फजितीने करतो. चार मित्र ऐकायला बसले होते. व्हायोलिनचा एक अगदी हळुवार तुकडा सुरू झाला आणि अचानक दोन्ही स्पीकरमधून माझ्या फोनची रिंग घणघणली. गाणं फोनमधून ब्लूटूथने ॲम्प्लिफायरकडे जात होतं, मग फोनचे बाकीचे आवाजही त्याच वाटेने गेले. तोवर मी ‘घरी गाणी ऐकायला कोणतं ॲप चांगलं?’ एवढंच विचारत फिरत होतो. आधी विचारायला हवं होतं की फोन नुसता रिमोट आहे, की गाणंच त्याच्यातून वाहतंय?

कारण इथे कामं तीन आहेत. गाणी सांभाळायची ती सर्व्हरने, वाजवायची प्लेअरने आणि हुकूम सोडायचा फोनवरच्या ॲपने. स्पॉटिफाय आणि टायडल या ऑनलाइन संगीतसेवांच्या ‘कनेक्ट’ सोयीत फोन फक्त हुकूम सोडतो, गाणं इंटरनेटवरून थेट प्लेअरकडे येतं. फोनवरून एअरप्ले (ॲपलची वाय-फायवरून आवाज पाठवायची सोय) केलं तर मात्र गाणं साधारणपणे फोनमधूनच जातं. यूपीएनपीची, म्हणजे घरच्या नेटवर्कवरची यंत्रं एकमेकांशी ज्या पद्धतीने बोलतात तिची, गंमत आणखी वेगळी. तिथे गाणं सर्व्हरकडून थेट प्लेअरकडे जातं, पण गाण्यांची रांग पुष्कळदा फोनवरच्या ॲपकडे असते. बॅटरी वाचवायला फोनने ते ॲप झोपवलं, की चालू गाणं संपतं आणि पुढे शांतता. लोक वाय-फायला शिव्या देतात, बिचाऱ्याचा काही दोष नसतो. लिन कंपनीने पुढे आणलेल्या ओपनहोम पद्धतीत ही रांग प्लेअरकडेच राहते, म्हणून हा त्रास होत नाही.

आता आवाजाबद्दल. इथे माझं मत काहींना रुचणार नाही. सीडीचा हिशेब साधा आहे: सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक 16 बिटचा, दोन वाहिन्या, म्हणजे सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट. फ्लॅक प्रकारची फाइल हेच आकडे कमी जागेत बसवते आणि वाजवताना जसेच्या तसे परत देते. दोन सॉफ्टवेअर तेच बिट न बदलता डॅककडे (आकड्यांचा आवाज करणाऱ्या यंत्राकडे) पोहोचवत असतील, तर एकाचा आवाज ‘मखमली’ आणि दुसऱ्याचा ‘कोरडा’ असं मी तरी मानत नाही. बिघडतं ते वाटेत. संगणकाचा मिक्सर, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणारा भाग, 48 किलोहर्ट्झवर (सेकंदाला 48,000 नमुने) ठेवलेला असला, की 44.1 चं गाणं तो गुपचूप बदलून पुढे पाठवतो. विंडोजवर वासापी या आवाजाच्या वाटेचा एक्सक्लुझिव्ह मोड निवडला की मिक्सर वाटेतून बाजूला होतो. डॅकवर हा किलोहर्ट्झचा आकडा दिसत असेल तर गाणं लावून तो बघा, खात्री होईल.

मग सॉफ्टवेअर निवडायचं कशावरून? माझ्या मते, तुमचा संग्रह त्याला कितपत कळतो यावरून. 2015 मध्ये आलेल्या रून या सॉफ्टवेअरचं खरं बळ इथे आहे. अल्बम, वादक, संगीतकार यांचे धागे ते असे जोडतं, की एक शोधायला जावं आणि तासभर दुसरंच ऐकत बसावं. त्यासाठी वर्गणी भरावी लागते, आणि सर्व्हर सतत चालू लागतो. व्होल्युमिओ किंवा ‘मूड’ (moOde) हे प्लेअरचं सॉफ्टवेअर रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकावर चढवलं, तर कमी खर्चात नीटस प्लेअर तयार होतो. थोडी खटपट करायची तयारी मात्र हवी.

सॉफ्टवेअरच्या आयुष्याचाही विचार करा. स्लिम डिव्हायसेस कंपनीची स्क्वीझबॉक्स ही गाणी वाजवणारी यंत्रं 2006 मध्ये लॉजिटेककडे गेली, 2012 मध्ये ती मालिका बंद झाली, आणि 2024 मध्ये तिची ऑनलाइन सेवाही. पण सर्व्हरचं सॉफ्टवेअर मुक्त स्रोत होतं, म्हणून लोकांनी ते टिकवलं. आज ते लिरियन म्युझिक सर्व्हर नावाने चालतंय आणि जुनी यंत्रंही त्यावर वाजतात. म्हणून माझा आग्रह असा की टॅग (गाण्याचं, गायकाचं, अल्बमचं नाव वगैरे) फाइलमध्येच लिहा, एखाद्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये नको. उद्या घर बदलावं लागलं तर सामान आपल्यासोबत यायला हवं.

पैसे भरण्याआधी चाचणीच्या मुदतीत तीन अल्बम लावून बघा. पहिला, ज्यात एक तुकडा न थांबता दुसऱ्यात मिसळतो, उदाहरणार्थ मैफलीचं थेट ध्वनिमुद्रण. मध्ये किंचितही खंड पडला तर ते सॉफ्टवेअर बाद. दुसरा अनेक गायकांचा संकलित अल्बम. त्याचे वीस तुकडे वीस अल्बम होऊन विखुरतात का ते बघा. तिसरा, ज्याची नावं देवनागरीत आहेत. शोधचौकटीत ‘मालकौंस’ टाइप करा, आणि काय सापडतं ते बघा. एका देखण्या, महागड्या ॲपने मला त्या जागी नुसते चौकोन दाखवले होते.