लॅपटॉपवर पहिलं लिनक्स: आधी चालवून पाहा, मग टाका

श्रोतेहो, नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही लॅपटॉपमधली सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. त्यामुळे धडधाकट लॅपटॉपही त्याच्या दारातच अडतात. अशा लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स फुकट टाकता येतं. पण लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेलं लिनक्स हा नुसता गाभा आहे. त्याच्याभोवती मेनू, खिडक्या, प्रोग्रॅम बसवून वेगवेगळे गट आपापली डिस्ट्रो तयार करतात, आणि अशा डिस्ट्रो ढिगाने आहेत. नवखा माणूस गोंधळतो तो इथे.

सुरुवात लिनक्स मिंटने करा, असं आम्ही सरळ सांगतो. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, म्हणजे विंडोजवरून आलेल्याला हात कुठे न्यायचा ते शिकावं लागत नाही. मिंट उबुंटू या दुसऱ्या डिस्ट्रोच्या एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सपोर्टच्या आवृत्तीवर उभं आहे, त्यामुळे ती आवृत्ती आल्यापासून सुमारे ५ वर्षं सुरक्षेचे अपडेट येत राहतात. रॅम ८ जीबी असेल तर मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्या. ४ जीबी असेल तर हलकी एक्सएफसीई. २ जीबीवरही मिंट सुरू होतं, पण ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की लॅपटॉप धापा टाकतो, आणि त्यावर कोणत्याच डिस्ट्रोकडे इलाज नाही. खुद्द उबुंटूही चांगलं आहे, फक्त पडद्याची मांडणी निराळी. झोरिन दिसायला देखणं. फेडोरा उत्तम, पण एका आवृत्तीचा सपोर्ट साधारण १३ महिनेच, म्हणजे वर्षाकाठी मोठं अपग्रेड आलंच. आर्च आणि काली मात्र आत्ता नकोत. काली तर सुरक्षातपासणी करणाऱ्यांचं हत्यार आहे, रोजच्या वापरासाठी ते बनवलेलंच नाही.

टाकण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: कोणत्या प्रोग्रॅमशिवाय आपलं काम अडतं? ब्राउझर, पत्रं, हिशेबाचे तक्ते, व्हिडिओ एवढ्यावर भागत असेल तर निश्चिंत राहा, लिब्रेऑफिस सोबतच येतं. पण फोटोशॉप किंवा फक्त विंडोजवर चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर रोज लागत असेल, तर विंडोज पुसू नका. वाईन नावाच्या सोयीने विंडोजचे काही प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात, काही चालत नाहीत. पोटापाण्याचं काम त्या भरवशावर सोडू नये.

आता चाचणी. निवडीचा खरा निकाल इथे लागतो. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, हे लक्षात ठेवा. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवा, अख्खं मिंट या एकाच फाइलमध्ये असतं. तिचा चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेली ओळखखूण, तिथे दिलेल्या आकड्यांशी जुळतो का ते पाहा, कारण उतरवताना तुटलेली फाइल पुढे भलत्याच चुका दाखवते. रूफस किंवा बलेनाएचर या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी केली तर बूट होणार नाही, म्हणजे पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू होणार नाही. मग लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची कळ दाबत राहा: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसवर एस्केप.

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू होईल आणि आतल्या डिस्कला तुम्ही सांगेपर्यंत हात लावणार नाही. वायफाय जोडा, ब्लूटूथ पाहा, आवाज, माइक, कॅमेरा, प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या कळा, टचपॅडवर दोन बोटांचं सरकवणं, सगळं तपासा. झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा. झोपलेला लॅपटॉप नीट जागा होतो का हे तपासायला बहुतेक जण विसरतात. वेगावरून मात्र मत बनवू नका, पेनड्राइव्ह मुळातच मंद असतो. वायफाय दिसलंच नाही तर चिप ब्रॉडकॉमची असण्याची शक्यता मोठी. फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला मिळेल, आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅम, घ्या. पडदा काळा राहिला तर पेनड्राइव्हवरून सुरू होताना येणाऱ्या मिंटच्या मेनूतला कम्पॅटिबिलिटी मोड निवडा. एनव्हिडियाचं ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर याची गरज पडू शकते.

विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकायचं असेल तर तीन कामं आधी विंडोजमध्येच उरका. डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, बदल केल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि ती हाताशी नसेल तर डेटा गेलाच समजा. फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आणि मिंटला ती डिस्क नुसती वाचता येते किंवा उघडतच नाही. तिसरं, डिस्क मॅनेजमेंटमधून विंडोजचा विभाग आकुंचित करून जागा मोकळी करा. किमान २० जीबी लागते, पण प्रत्यक्षात ५०च्या खाली जाऊ नका. इन्स्टॉलरला तुमची एसएसडी दिसलीच नाही तर बायोसमध्ये स्टोरेजची पद्धत आरएआयडी किंवा आरएसटीवर असेल, ती एएचसीआय या दुसऱ्या पद्धतीवर न्यावी लागते. पण तयारी न करता हे बदललं तर विंडोज सुरू होत नाही, म्हणून इथे घाई नको.

इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’ हा पर्याय सगळी डिस्क साफ करतो, विंडोजसकट. मल्टिमीडिया कोडेक, म्हणजे व्हिडिओ-गाणी चालवण्याची सोय, यांची चौकट टिक करा, नाहीतर काही व्हिडिओ चालणार नाहीत. अनोळखी सॉफ्टवेअरला सुरुवातीलाच अडवणारं सिक्युअर बूट चालू असताना बाहेरचे ड्रायव्हर बसवले तर एक पासवर्ड ठेवायला सांगतात. रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच टाकायचा. घाबरून पुढे गेलात तर ड्रायव्हर चालत नाही.

पहिल्या दिवशी अपडेट मॅनेजर चालवा, ड्रायव्हर मॅनेजर उघडा आणि टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट, म्हणजे प्रणालीच्या त्या वेळच्या प्रती, सुरू करा. एखाद्या अपडेटने बिघाड केला तर टाइमशिफ्ट प्रणालीला कालच्या स्थितीत नेतं. मात्र मूळ सेटिंगमध्ये ते तुमची कागदपत्रं आणि फोटो जपत नाही. त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी काढा, आणि मिंट टाकण्याआधीही एकदा काढा.