इंग्रजी वाक्प्रचार बोलण्यात मुरवताना

[दृश्य: बडोदा, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेचा घुमट]

1881 मध्ये सुरू झालेलं हे बडोदा कॉलेज. अरविंद घोष इथे इंग्रजी शिकवत. 1949 मध्ये विद्यापीठ झालं. शिकवणं आजही इंग्रजीतूनच. दांडिया बाजार, रावपुऱ्यातली मराठी मुलं घरात मराठी, भाजीवाल्याशी गुजराती आणि वर्गात इंग्रजी बोलतात. पेपर चोख लिहितात, पण मुलाखतीत बोलणं सपाट होतं. मग कुणीतरी पाचशे इडियम्सची यादी हातात ठेवतं आणि घोळ सुरू होतो.

यादीत अर्थ मिळतो. कुणाशी, कोणत्या प्रसंगी बोलायचं, ते मिळत नाही. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे, एवढंच पाठ होतं. सूर मात्र थट्टेचा आहे. सहकाऱ्याचे वडील गेल्यावर हे म्हणणं म्हणजे ‘खपले’ म्हणणं. तिथे ‘पास्ड अवे’ हवं.

[दृश्य: वहीचं पान, जवळून]

आठवड्याला पाच वाक्प्रचार पुरे. प्रत्येकाला अर्धं पान. वर ‘स्पिल द बीन्स’, म्हणजे बिंग फोडणं. खाली तो जिथे ऐकला ते अख्खं वाक्य. मग कोण कुणाला म्हणालं: मित्र मित्राला, की साहेब ग्राहकाला? शेवटी, त्यात काय बदलतं नि काय नाही. ‘स्पिल्ड’ चालतं. ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’ही चालतं. ‘बीन’ एकवचनी केलं की संपलं! ‘किक द बकेट’मध्ये तर काळ सोडून काहीच हलत नाही. आपल्याकडे तरी काय, ‘हात टेकले’ बरोबर. ‘दोन्ही हात जमिनीवर टेकले’ म्हटलं की नुसता व्यायाम उरतो.

पान दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि पुन्हा तीन आठवड्यांनी उघडायचं. अर्थ झाकून वाक्य नव्याने बनवायचं, नुसतं वाचायचं नाही.

[दृश्य: फोनवर आवाज रेकॉर्ड करणारी मुलगी]

खरं तर भारदस्त इडियम्सपेक्षा ‘पुट ऑफ’ (पुढे ढकलणं), ‘लुक आफ्टर’ (काळजी घेणं), ‘रन आऊट ऑफ’ (जवळचं संपणं) ही जोडक्रियापदं दहापट कामाची, आणि नेमकी तीच दुर्लक्षित. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’, दोन्ही बरोबर. पण ‘मीटिंग’च्या जागी ‘इट’ आलं की तो मध्येच बसतो: ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ चूक. उलट ‘लुक आफ्टर’ फोडता येत नाही. ‘लुक आफ्टर हर’च म्हणायचं. म्हणून क्रियापद एकटं लिहू नये, ‘इट’ किंवा ‘हर’ घालूनच लिहावं.

आघातही तिथेच चुकतो. ‘पुट इट ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर, ‘स्पिल द बीन्स’मध्ये ‘बीन्स’वर. मराठी जिभेला सगळे शब्द सारख्या वजनाने टाकायची सवय. त्यामुळे वाक्प्रचार अचूक असूनही ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. तीस सेकंद रेकॉर्ड करून ऐकलं की हे लगेच कळतं.

[दृश्य: मोतीबाग मैदान, सराव सुरू]

क्रिकेटवेड्या बडोद्याला ‘स्टिकी विकेट’ समजावायला नको: भिजून वाळत चाललेली खेळपट्टी, चेंडू कसाही उसळणार, म्हणजेच अडचणीची परिस्थिती. पण अमेरिकन ग्राहकापुढे हा शब्द वाया जाईल. तिकडचे ‘टच बेस’ आणि ‘बॉलपार्क फिगर’ बेसबॉलमधून आलेत: थोडक्यात संपर्क साधणं आणि ढोबळ आकडा. ‘टेबल’ तर धोक्याचाच. ब्रिटनमध्ये मुद्दा ‘टेबल’ केला म्हणजे चर्चेला घेतला, अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवला.

आणि मुलाखतीला निघण्याआधी एक बघून घ्यावं. ‘आय पास्ड आऊट इन 2022’ आपल्याकडे सर्रास चालतं, पण परदेशी माणसाला तुम्ही तेव्हा बेशुद्ध पडलात असं वाटू शकतं. ‘आय ग्रॅज्युएटेड’ म्हणावं.